एन्डोस्कोपीतला गॅस: पडदा बघा, पण पोटावर हात ठेवा

एन्डोस्कोपी युनिटमध्ये नव्याने आलेला माणूस आधी स्कोप (शरीरात घालायची कॅमेऱ्याची लवचीक नळी) शिकतो. तो धरायचा कसा, धुवायचा कसा, बायोप्सी फोर्सेप कधी उघडायचा आणि कधी मिटायचा, हे सगळं त्याला कुणी ना कुणी दाखवतं. गॅसबद्दल मात्र वेगळं बसवून कुणी शिकवत नाही. ‘बटणावर बोट ठेवलं की हवा जाते’ एवढ्यावर शिकवणी आटोपते. तपासणीनंतरचा पेशंटचा बराचसा त्रास या हवेपायीच असतो, आणि क्वचित होणारे पण जिवावर बेतणारे काही प्रकारही.

हा लेख नवे टेक्निशियन, स्टाफ नर्स आणि गॅस्ट्रोचे नवे रेसिडेंट यांच्यासाठी आहे. तुमच्या मशीनचं मॅन्युअल आणि युनिटचे लेखी नियम यांच्या जागी तो वापरू नका. आपण सलाइन किती गेलं ते लिहितो, मिडाझोलम (गुंगीचं औषध) किती दिलं तेही लिहितो. गॅस किती गेला हे कुणी विचारत नाही. तो मिलिलिटरमध्ये मोजता येत नाही हे खरं, पण त्यावर लक्ष ठेवता येतं, आणि ते काम कुणा एकाच्या अंगावर सोपवलेलं हवं. खोलीतले सगळे पडद्याकडे बघत असतात. एकाने पोटाकडे बघायचं.

गॅस कशासाठी, आणि कोणता

आतडं एरवी मिटलेलं असतं, भिंतीला भिंत चिकटलेली. ती दूर सारल्याशिवाय स्कोपला गुलाबी धुक्यापलीकडे काही दिसत नाही. म्हणून नोझलमधून गॅस सोडून पोकळी उघडायची.

पर्याय दोन: खोलीतली हवा किंवा कार्बन डायऑक्साइड. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि तो आतड्याच्या भिंतीतून फारच सावकाश शोषला जातो. ओढून घेतला नाही तर ढेकर किंवा वारा सरण्यावाटेच तो बाहेर पडणार, आणि त्याला तासन्‌तास लागतात. कार्बन डायऑक्साइड रक्तात सहज विरघळतो. नायट्रोजनच्या मानाने सुमारे दीडशे पट वेगाने तो शोषला जातो आणि फुप्फुसांवाटे श्वासातून निघून जातो. दोन्हींतला खरा फरक एवढाच. तपासणी चालू असताना दोन्ही सारखेच फुगवतात; फरक जाणवतो तो तपासणी संपल्यावर.

हे नवं ज्ञान नाही. बी. एच. जेराल्ड रॉजर्स यांनी १९७४ सालीच कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या म्हणजे कोलनच्या तपासणीत) पॉलिप (भिंतीवरची लहान वाढ) कापताना कार्बन डायऑक्साइड वापरण्याबद्दल लिहिलं होतं. त्या वेळी मुख्य काळजी होती ती आतड्यात स्फोट होण्याची. पोटदुखी कमी होते हा फायदा पुढे ठसला. २००२ मध्ये नॉर्वेतल्या मायकेल ब्रेटहाउअर आणि सहकाऱ्यांची चाचणी ‘गट’ (Gut) या नियतकालिकात आली. कार्बन डायऑक्साइड मिळालेल्या पेशंटना नंतरच्या तासांत पोटदुखी स्पष्टपणे कमी होती, आणि त्यांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाणही काळजी वाटावी असं वाढलं नव्हतं.

मग सगळीकडे हाच गॅस का नाही? पैसा आणि खटपट. वेगळं युनिट घ्यायचं, सिलिंडर आणायचे, ते संपण्याआधी बदलायचे. लहान गावातल्या सेंटरवर आजही पुष्कळ काम हवेवरच चालतं, आणि पाच-सात मिनिटांच्या साध्या गॅस्ट्रोस्कोपीला (जठराच्या तपासणीला) त्याने फारसं बिघडत नाही. युनिटमध्ये कार्बन डायऑक्साइडची एकच जोडणी असेल तर माझ्या मते ती आधी इआरसीपी (पित्तनलिकेची तपासणी आणि उपचार), पोएम (अन्ननलिकेच्या भिंतीत बोगदा करून केलेली शस्त्रक्रिया), ईएसडी (भिंतीचा आतला थर सोलून गाठ काढणं), मोठे पॉलिप आणि लांबणारी कोलोनोस्कोपी यांना द्यावी. पोएम आणि पॅन्क्रियासची नेक्रोसेक्टॉमी (मेलेला भाग काढणं) यांना तर हवा चालतच नाही. त्यात तडजोड नाही.

गॅसचा रस्ता ओळखा

प्रोसेसर किंवा लाइट सोर्सच्या (स्कोपला चित्र आणि प्रकाश पुरवणाऱ्या यंत्राच्या) आत एक छोटा पंप असतो. तो हवा ढकलतो. ती हवा स्कोपच्या कनेक्टरमधून आत जाते, आणि तिचा एक फाटा पाण्याच्या बाटलीत जाऊन पाण्यावर दाब देतो. हँडलवर दोन बटणं एकाखाली एक असतात: वरचं सक्शनचं, खालचं हवा-पाण्याचं. खालच्या बटणाच्या माथ्यावर बारीक भोक असतं. पंप चालू असेपर्यंत हवा त्या भोकातून बाहेर पडत राहते. भोक बोटाने झाकलं की तिची ती वाट बंद होते आणि ती स्कोपच्या टोकाकडे वळते. बटण पूर्ण दाबलं की पाणी येतं आणि लेन्स धुतली जाते.

म्हणजे हवा सोडायला बटण दाबावं लागत नाही, बोट टेकलं तरी पुरतं. नवख्या हातांचा नेहमीचा प्रकार इथेच होतो: बोट नकळत भोकावर विसावतं, लक्ष पडद्यावर असतं, आणि पोट हळूहळू फुगत राहतं. बोट बटणाच्या शेजारी ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

कार्बन डायऑक्साइडसाठी वेगळं रेग्युलेटर युनिट असतं. त्याची नळी गॅसची जोडणी असलेल्या खास पाण्याच्या बाटलीला लागते. इथे तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

प्रोसेसरमधला हवेचा पंप बंद करायचा. हे सर्रास राहून जातं. सिलिंडर चालू, पंपही चालू, आणि सगळे समजतात की कार्बन डायऑक्साइड जातोय. प्रत्यक्षात आत जाते ती भेसळ. पेशंट रिकव्हरीत पोट धरून बसला की मग कुणीतरी पंपाच्या दिव्याकडे बघतं.

साधं भोकाचं बटण तसंच ठेवलं तर गॅस सतत खोलीत गळत राहतो. सिलिंडर लवकर संपतो आणि बंद खोलीत गॅस साचतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड आहे. आठ तासांच्या कामासाठी त्याची सर्वसाधारण मर्यादा ५,००० पीपीएम मानली जाते. गॅस वाचवणारं वेगळं बटण मिळतं, त्यात दाबल्याशिवाय गॅस सुटत नाही. तुमच्या स्कोपला ते बसत असेल तर तेच वापरा आणि खोलीचा एक्झॉस्ट चालू ठेवा.

लॅप्रोस्कोपीचा इन्सफ्लेटर स्कोपला जोडायचा नाही. शेजारच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तो रिकामा पडलेला असतो म्हणून एखाद्याला मोह होतो. पण तो मिनिटाला कित्येक लिटर गॅस सोडायला, पोटाच्या पोकळीसाठी बनवलेला आहे. एन्डोस्कोपीचं युनिट मिनिटाला एक-दोन लिटरच्या घरात काम करतं.

सिलिंडर: काटा बघून फसू नका

ऑक्सिजनच्या सिलिंडरवर दाबाचा काटा बघून किती उरलाय ते कळतं. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत तो काटा दिशाभूल करतो, कारण हा गॅस सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. द्रव जितका खर्च होतो तितका त्याच्यावर गॅस तयार होत राहतो आणि दाब तसाच राहतो: २० अंशांना ५७ बारच्या आसपास, ३० अंशांना ७२. द्रवाचा शेवटचा थेंब संपेपर्यंत काटा भरल्या सिलिंडरचाच आकडा दाखवतो, आणि मग भराभर खाली येतो. इआरसीपीच्या ऐन मध्यात.

उपाय सोपा आहे. घरचा एलपीजी सिलिंडर जसा वजनावर कळतो तसाच हाही. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या मानेवर ठोकलेलं असतं. वजनकाट्यावर ठेवा, ते वजा करा, उरला तो गॅस. एक किलो कार्बन डायऑक्साइडपासून खोलीच्या तापमानाला साधारण ५५० लिटर गॅस होतो. मिनिटाला दीड लिटर सतत गेला तर एक किलो सहा तास पुरतो. गॅस वाचवणारं बटण असेल तर बराच जास्त पुरतो, साधं बटण असेल तर केसेसच्या मधल्या वेळातही तो खर्च होत राहतो. रोज सकाळी वजन वहीत लिहायला दोन मिनिटं लागतात. भरलेला दुसरा सिलिंडर खोलीत हवाच.

सिलिंडर उभाच ठेवायचा, साखळीने बांधून. आडवा केला तर द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो, तो गोठतो आणि बिघडतो. ऊन टाळा. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पत्र्याच्या स्टोअरमध्ये किती तापतं हे सांगायला नको. दाब चढत जातो आणि सुरक्षेसाठी बसवलेली डिस्क फुटून सगळा सिलिंडर मोकळा होऊ शकतो.

वैद्यकीय कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर राखाडी रंगाचा असतो. रंग बघा, पण त्यावर विसंबू नका, लेबल वाचा. वेल्डिंगचा, सोड्याच्या मशीनचा किंवा आग विझवण्याचा सिलिंडर ‘गॅस तोच तर आहे’ म्हणून लावायचा नाही. त्यात ओलावा आणि इतर भेसळ किती आहे याची हमी कुणी दिलेली नसते. देशातल्या गॅस सिलिंडरांना २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत, आणि ते सांभाळणाऱ्या ‘पेसो’चं (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं) मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. सिलिंडरवर चाचणीची तारीख ठोकलेली असते. ती उलटून गेली असेल तर सिलिंडर परत पाठवा, पुरवठादार काहीही म्हणो.

लहान सिलिंडरच्या तोंडाशी पिन बसण्यासाठी खळगे असतात. कार्बन डायऑक्साइडची जागा १ आणि ६, ऑक्सिजनची २ आणि ५. चुकीचा सिलिंडर बसूच नये यासाठी ही व्यवस्था आहे. गळती होते म्हणून एकावर एक दोन वॉशर लावणारे महाभाग भेटतात. वॉशरची जाडी वाढली की पिना खळग्यात पुरत्या शिरत नाहीत आणि चुकीचा सिलिंडरही घट्ट बसतो. जुना वॉशर काढा, नवा एकच घाला. चावी हळू फिरवा, आणि तोंड स्वतःच्या किंवा कुणाच्या अंगाकडे करून उघडू नका.

पेशंट आत घेण्याआधी

बाटलीत निर्जंतुक पाणी दोन-तृतीयांश भरा. काठोकाठ भरली तर हवेबरोबर पाणीही येतं. झाकण घट्ट लावा. गॅस येत नाही आणि पाणीही येत नाही अशी तक्रार आली की दहातल्या बहुतेक वेळा हे झाकणच सैल निघतं किंवा त्याची रबरी रिंग घसरलेली असते.

मग वाडग्याची परीक्षा. ती कधीही वगळू नका, केसेस कितीही साचलेल्या असोत. स्टीलच्या वाडग्यात पाणी घ्या, स्कोपचं टोक त्यात बुडवा. भोकावर बोट ठेवा: बुडबुडे जोरात, सलग यायला हवेत. बोट उचला: बुडबुडे थांबायला हवेत. नुसते कमी झाले तर चालणार नाही, एकही बुडबुडा यायला नको. बोट उचलल्यावरही एखाद-दुसरा येत राहिला तर बटण आत अडकतंय, रिंग फुगली आहे किंवा बटण नीट बसलेलं नाही. तो स्कोप तसाच आत गेला तर डॉक्टरचं बोट कुठेही असो, पोट फुगत राहणार. बटण बदला आणि पुन्हा बघा. गॅस वाचवणारं बटण असेल तर बोट टेकवण्याऐवजी ते दाबून हीच परीक्षा करायची. त्याच वाडग्यात सक्शनही तपासून घ्या, कारण सक्शन चालत नसेल तर घातलेला गॅस काढण्याची वाटच नाही.

आणखी एक वस्तू ट्रॉलीवर शोधा आणि बाजूला करा: स्कोप धुताना वापरायचं क्लीनिंग अडॅप्टर. ते हवा-पाण्याच्या बटणाच्याच जागी बसतं आणि चॅनेल फुंकून काढण्यासाठी सतत हवा सोडतं, बोट लावा वा न लावा. पेशंटच्या आत असलेल्या स्कोपवर ते चुकूनही राहता कामा नये. त्याची जागा धुण्याच्या सिंकपाशी, तपासणीच्या ट्रॉलीवर नाही.

बुडबुडे क्षीण येत असतील तर नोझलमध्ये वाळलेला चिकट स्राव किंवा सायमेथिकॉनचा (फेस मोडणाऱ्या औषधाचा) थर असू शकतो. सुई, पिन असलं काही नोझलमध्ये खुपसायचं नाही. तपासणी संपल्या संपल्या, बेडजवळच चॅनेल फुंकून धुतलं तर हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

गॅस्ट्रोस्कोपी

अन्ननलिकेत थोडा गॅस पुरतो. जास्त फुगवलं तर लहान व्हेरायसेस (फुगलेल्या शिरा) सपाट होऊन दिसेनाशा होतात आणि रिपोर्टमध्ये चुकीची ग्रेड जाते. जठरात मात्र हात आखडता घेऊन चालत नाही. मोठ्या वक्राच्या वळ्या उलगडल्याशिवाय त्यांच्यामधला लहानसा व्रण सापडत नाही, आणि स्कोप उलटा वळवून फंडस (जठराचा वरचा भाग) बघताना जठर चांगलं उघडलेलं लागतं.

पेशंटला आधी सांगून ठेवा. ‘आजोबा, पोटात हवा भरल्यासारखं वाटेल, ढेकर येईल. थोडा वेळ धरता आला तर धरा, नाही धरता आला तरी हरकत नाही.’ एवढं बोललं की निम्मे पेशंट शांत झोपतात. ढेकर देऊन गॅस जात असेल आणि डॉक्टर तो भरत असतील तर आत किती गेला याचा अंदाज सुटतो. पायलोरस (जठराचं खालचं तोंड) ओलांडून बराच गॅस लहान आतड्यात गेलेला असतो, तो सक्शनने परत मिळत नाही.

जठर फुगतच नाही असं वाटलं तर? बाटलीचं झाकण, बटण, पंपाची सेटिंग, पेशंटचे ढेकर, या क्रमाने बघा. हे सगळं ठीक असूनही भिंत ताठ राहते, वळ्या उलगडत नाहीत, तेव्हा तो बिघाड नसून निदान असू शकतं. लायनायटिस प्लास्टिका या कर्करोगात जठराची भिंत जाड आणि कडक होते. नव्या रेसिडेंटने हे चित्र एकदा वरिष्ठांबरोबर बघून घ्यावं.

बाहेर येण्याआधी जठरातला गॅस ओढून घ्यायचा. दहा सेकंदांचं काम आहे.

कोलोनोस्कोपी: इथे खरा कस

आत जाताना आणि बाहेर येताना गॅस वापरण्याची रीत वेगळी असते. नवखे दोन्हीकडे सारखाच वापरतात.

आत जाताना गॅस कमीत कमी, पुढची वाट कुठे वळते ते कळण्यापुरता. सिग्मॉइड (मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा वळणाचा भाग) फुगवला की तो लांबतो, वळणं टोकदार होतात, स्कोपचा लूप बनतो आणि पेशंट ओरडतो. वाट दिसत नाही म्हणून गॅस, गॅसमुळे वळण आणखी अवघड, म्हणून आणखी गॅस: हे चक्र ओळखायला शिका. वाट हरवली तर स्कोप थोडा मागे घ्या, गॅस ओढा, पोकळीची काळी सावली शोधा. आतडं आवळलं असेल तर ते सैल होईपर्यंत थांबा. बऱ्याच ठिकाणी आता आत जाताना गॅस बंद ठेवून कोमट पाणी भरत जातात. त्यात सिग्मॉइड लांबत नाही आणि सेडेशन न दिलेल्या पेशंटला दुखतंही कमी.

सीकमला (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकाला) पोचलात की मग हवा तेवढा गॅस घ्या. वळ्यांच्या मागे दडलेले पॉलिप दिसायचे तर भिंत ताणलेली हवी. बाहेर येण्याचा वेळ पॉलिप काढण्याचा वेळ वगळून निदान ६ मिनिटं असावा असं बरीच वर्षं सांगितलं जात होतं, आता अमेरिकन संस्था ८ मिनिटं म्हणतात. या सगळ्या वेळात सतत गॅस भरत राहायचा नाही. गॅस वर चढतो, तेव्हा पेशंटची कूस बदलून काम होतं का बघा. डाव्या कुशीवर उजवं कोलन वर येतं आणि उघडतं. उताणं केल्यावर ट्रान्सव्हर्स (आडवा भाग), उजव्या कुशीवर स्प्लीनिक (प्लीहेजवळचं) वळण आणि डिसेंडिंग (डावा उतरता भाग). पेशंटला वळवण्याचे कष्ट टेक्निशियनच्या वाट्याला येतात म्हणून कंटाळा होतो, पण त्याने चित्र सुधारतं आणि गॅस वाचतो. एक-एक भाग बघून झाला की तिथला गॅस ओढत मागे या.

सीकमबद्दल थोडं जास्त सांगतो. आतड्याच्या भिंतीवरचा ताण हा आतला दाब आणि पोकळीची त्रिज्या या दोन्हींवर ठरतो. दाब सगळीकडे सारखा असला तरी जिथे आतडं सर्वांत रुंद तिथे ताण सर्वांत जास्त, आणि ती जागा म्हणजे सीकम. म्हणून स्कोप अजून सिग्मॉइडमध्येच असताना सीकमला चीर पडू शकते, आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. अरुंद झालेल्या जागेतून गॅस पलीकडे जातो आणि परत येत नाही, तेव्हा ही भीती वाढते. गाठीमुळे अडलेलं आतडं, तीव्र कोलायटिस, आधीच फुगलेलं कोलन: अशा केसला गॅस अगदी जपून, शक्यतो कार्बन डायऑक्साइडच.

आता पोटावरच्या हाताबद्दल. लूप होऊ नये म्हणून पोट दाबणारा टेक्निशियन खोलीत असतोच. त्याच्याइतकं पोट कुणालाच कळत नाही. तपासणी सुरू होण्याआधी एकदा हात ठेवून बघा, पोट मऊ कसं लागतं ते ध्यानात ठेवा. मग दर काही मिनिटांनी पुन्हा. थोडं फुगणं अपेक्षित आहे. बोट दाबलं तर आत जायला हवं. बोट दबत नसेल, वाजवल्यावर ढोलासारखा आवाज येत असेल, तर मोठ्याने सांगा: ‘सर, पोट टाइट झालंय.’ सर चिडले तर चिडू देत. हे बोलायला नव्या माणसाला परवानगी आहे की नाही, यावरून मला युनिटची पारख होते.

पेशंट कण्हू लागला, घामाघूम झाला, नाडी ५० वर आली, तर आधी गॅस ओढा. हात आपोआप मिडाझोलमच्या सिरिंजकडे जातो. ताणलेल्या आतड्यामुळे व्हेगल (व्हेगस नसेची, नाडी मंदावणारी) प्रतिक्षिप्त क्रिया सुरू झालेली असते. ताण काढला की बहुतेक वेळा नाडी आणि चेहरा दोन्ही सुधारतात. दुखणं हा तुम्हाला मिळणारा इशारा आहे, तो औषधाने दाबून टाकला तर पुढचं कळणारच नाही.

कॉटरी (विजेने कापणं-जाळणं) लावण्याआधी

अर्धवट साफ झालेल्या कोलनमध्ये जिवाणूंनी तयार केलेले हायड्रोजन आणि मिथेन असतात. हवेत हायड्रोजन ४ टक्के, मिथेन ५ टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. १९७९ मध्ये फ्रान्समधून एक केस छापून आली: मॅनिटॉलने पोट साफ केलेल्या पेशंटच्या कोलनमध्ये पॉलिप काढताना स्फोट झाला आणि पेशंट दगावला. मॅनिटॉलवर जिवाणू पोसतात आणि हायड्रोजन तयार करतात. म्हणून कॉटरीची शक्यता असेल तिथे पीईजीची (आतडं धुऊन काढणाऱ्या द्रावणाची) पूर्ण तयारीच हवी. ‘फक्त रेक्टमला एपीसी करायचंय, एनिमा पुरे’ (एपीसी म्हणजे आरगॉन वायूतून वीज सोडून जाळणं) हा शॉर्टकट नको; एनिमावर भागवलेल्या अशा केसेसमध्ये स्फोट झाल्याची नोंद आहे. ठिणगीआधी आतला गॅस दोन-तीनदा ओढून नवा भरा. कार्बन डायऑक्साइड भरला तर आतला ऑक्सिजनच कमी होतो.

एपीसी चालू असताना आरगॉनही आत जात असतो. तो स्कोपच्या बटणावर अवलंबून नाही आणि कार्बन डायऑक्साइडसारखा शोषलाही जात नाही. मध्ये मध्ये सक्शन केलंच पाहिजे. प्रोबचं टोक भिंतीत रुतवून पेडल दाबलं तर आरगॉन थेट भिंतीत शिरतो.

इआरसीपी आणि पोएम

इआरसीपीत पेशंट बहुधा पालथा असतो, पोट दिसत नाही. त्यामुळे इथे पोटाची जागा कॅप्नोग्राफीने (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजण्याने) घ्यायची. सर्वांत मोठी भीती एअर एम्बोलिझमची: पित्तनलिकेजवळच्या शिरेत हवा शिरते आणि हृदयात किंवा मेंदूत पोचते. दुर्मीळ आहे, पण झालं तर मिनिटांत खेळ आटोपतो. कोलँजिओस्कोपी (पित्तनलिकेत स्कोप घालून बघणं), यकृतातला गळू, पूर्वीची पित्तनलिकेची शस्त्रक्रिया अशा केसेसमध्ये धोका जास्त. कार्बन डायऑक्साइडचा बुडबुडाही अडथळा करू शकतो, पण तो रक्तात लवकर विरघळतो, म्हणून तुलनेने सुरक्षित.

पोएम ही हारुहिरो इनोउए यांनी जपानमध्ये २००८ मध्ये सुरू केलेली पद्धत. यात अन्ननलिकेच्या भिंतीतच बोगदा करतात, म्हणजे गॅस छातीत, पोटात, मानेच्या कातडीखाली जाणार हे गृहीतच. नर्सने मान चाचपून बघायची. कातडीखाली गॅस असेल तर बोटांखाली चुरचुरतं. कार्बन डायऑक्साइड असेल तर तो सहसा आपोआप शोषला जातो, मात्र भूलतज्ज्ञांना लगेच सांगायचं. शोषलेला गॅस फुप्फुसांनाच बाहेर टाकायचा असतो, त्यामुळे श्वासातला आकडा नेहमीच्या ३५ ते ४५ मिमी पाऱ्याच्या वर चढायला लागला की ते व्हेंटिलेटरचा वेग वाढवतात, आणि गरज पडल्यास आपण थोडं थांबतो. सीओपीडीचा (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा), मुळातच कार्बन डायऑक्साइड साठवणारा पेशंट असेल तर हे आधीच बोलून ठेवा.

बिघडलं तर

पोट दगडासारखं कडक, रक्तदाब खाली, व्हेंटिलेटरला दाब जास्त लागतोय: गॅस पोटाच्या पोकळीत गेला आणि कोंडला आहे. गॅस बंद, सक्शन, आणि ट्रॉलीवर जाड सुई तयार. पोटात सुई घालून गॅस मोकळा करण्याचं काम अनुभवी डॉक्टरचं, पण सुई कुठे आहे हे नव्या माणसाला माहीत हवं. हवेवर काम चालू असताना छिद्र पडल्याचा संशय आला तर ताबडतोब कार्बन डायऑक्साइडवर या.

श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा अचानक कोसळला, त्याच वेळी सॅच्युरेशन आणि रक्तदाबही उतरले, तर एम्बोलिझम समजून चालायचं. गॅस बंद करा, स्कोपमधून जमेल तेवढा ओढा, १०० टक्के ऑक्सिजन द्या, पेशंटला डाव्या कुशीवर घेऊन डोकं खाली करा, कोड टीमला बोलवा. निदान पक्कं होण्याची वाट बघायची नाही.

रिकव्हरी आणि घरी जाताना

हवेवर झालेल्या कोलोनोस्कोपीनंतर पोटाला गुबारा धरणं स्वाभाविक आहे. पेशंट संकोचतात, विशेषतः बायका. सिस्टरनी जवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं, ‘काकू, वारा सरू दे, अडवू नका, इथे सगळ्यांचं हेच चाललंय,’ की काम होतं. कूस बदलणं, शुद्ध पूर्ण आल्यावर आधार देऊन थोडं चालवणं, एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो. कार्बन डायऑक्साइड वापरला असेल तर तासाभरात पोट जवळपास पूर्ववत व्हायला हवं. म्हणूनच कार्बन डायऑक्साइडनंतरही दुखणं वाढत असेल तर ‘गॅस आहे, जाईल’ म्हणून टाळू नका. तो गॅस नसण्याचीच शक्यता अधिक. कोणता गॅस वापरला हे रिकव्हरीच्या कागदावर लिहिलेलं असलं तर हा निर्णय सोपा होतो, आणि बऱ्याच युनिटच्या कागदावर त्यासाठी रकानाच नसतो. पेनने लिहा.

घरी सोडताना नातेवाइकांना स्पष्ट सांगायचं: पोट कडक होणं, वाढत जाणारी वेदना, खांद्यात दुखणं, ताप, उलट्या, काळी शी किंवा रक्त, यांतलं काहीही झालं तर रात्रीसुद्धा यायचं, सकाळची वाट बघायची नाही. फोन नंबर कागदावर द्या, तोंडी नको.

शेवटची केस झाली की सिलिंडरची चावी बंद करा, बटण दाबून नळीत उरलेला दाब सोडा आणि मगच रेग्युलेटर युनिट बंद करा. बाटलीतलं पाणी ओतून ती निर्जंतुकीकरणाला पाठवा, उद्यासाठी भरून ठेवू नका. सिलिंडरमध्ये एका लांब केसपुरताही गॅस उरला नसेल तर आजच बदला आणि रिकाम्या सिलिंडरवर खडूने ‘रिकामा’ लिहा.